दारिद्र्याचे कारक: विकासाच्या उद्दिष्टांची मराठी परिभाषा आणि वर्धा

संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य राष्ट्रांनी सप्टेंबर 2015 मध्ये 17 उद्दिष्टे व त्यांच्या पोटात 169 लक्ष्ये मान्य केली आणि ती 2030 पर्यंत गाठावयाची असे ठरविले. सर्वत्र व सर्व प्रकारच्या दारिद्र्याचा अंत करणे, हे त्यांतील पहिले उद्दिष्ट होय. त्यापूर्वी 2000 साली अशाच धर्तीची आठ उद्दिष्टे 2015 ची मुदत घालून जाहीर झाली होती. या दोन्ही संकल्पांचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या रीतीने घेतला आहे आणि घेत आहेत. भाषेच्या अभ्यासकाने घ्यावयाचा हिशेब निराळा आहे. ही उद्दिष्टे मराठीत उतरली, शासकीय परिपत्रकांतून ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत पोहोचली, आणि या प्रवासात दारिद्र्याविषयी बोलण्याची एक नवी वाक्यरचना आपल्या अंगवळणी पडली. त्या वाक्यरचनेची परीक्षा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. तिचा निकष एकच ठेवला आहे: दारिद्र्याविषयीच्या वाक्यात दरिद्री मनुष्य कोणत्या कारकात उभा आहे? तो कर्ता आहे, कर्म आहे, संप्रदान आहे, की वाक्यात मुळी नाहीच?

ही परीक्षा वर्ध्यात बसून करण्यास एक कारण आहे. दारिद्र्याविषयीची एक स्वतंत्र परिभाषा या जिल्ह्यात 1934 नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत घडली, आणि नवी परिभाषा त्याच भूमीवर, तिची ओळख न ठेवता, येऊन बसली आहे. जुनी परिभाषा निर्दोष होती असे मात्र म्हणावयाचे नाही. तिचा समाचार पुढे घेऊच.

प्रथम ‘शाश्वत विकास’ हा शब्द घेऊ. हिंदीने याच अर्थी ‘सतत’ हे विशेषण स्वीकारले, मराठीने ‘शाश्वत’. मराठी वाचकाच्या कानाला ‘शाश्वत’ हा शब्द कीर्तनाच्या आणि प्रवचनाच्या परंपरेतून परिचित आहे. तेथे त्याचा प्रतिपक्ष ‘नश्वर’ हा असतो आणि तो बहुधा ब्रह्माला किंवा आत्म्याला लावला जातो. विकास ही तर वाढ आहे. यास्काने निरुक्तात वार्ष्यायणीच्या मताने जे सहा भावविकार सांगितले, त्यांत ‘वाढणे’ हा चौथा आहे. त्याच्या पुढे क्षीण होणे आणि नाश पावणे हे दोन आहेतच. जे वाढते ते शाश्वत नसते, हा आपल्या विचारपरंपरेचा पहिला पाठ. मग ‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग पारंपरिक कानाला व्याघातासारखा वाटला तर नवल नाही. वेदभाषेत ‘शश्वत्’ याचा अर्थ ‘पुनःपुन्हा’, ‘अखंड क्रमाने’ असाही होतो, आणि तो अर्थ अभिप्रेत असता तर शब्द चपखल बसला असता, कारण पुनःपुन्हा भरून येणारी संपत्ती हाच येथे मूळ विचार आहे. पण परिभाषा करणाऱ्यांच्या मनात ऋग्वेद असेल असे मानण्यास आधार नाही.

हा मूळ विचार वर्ध्याला नवा नव्हता. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि त्याचे ठाणे वर्ध्यातील मगनवाडीत पडले. संघाचे कार्यवाह जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे पेशाने हिशेबतपासनीस, कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहार शिकून आलेले. घाणी, हातकागद, मधुमक्षिकापालन, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप, धूर कमी करणारी मगनचूल, अशा प्रयोगांत रमलेल्या या गृहस्थाने तुरुंगवासात एक पुस्तक लिहिले. ते 1945 साली गांधींच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. चिरस्थायित्वाची अर्थव्यवस्था हा त्याचा विषय. निसर्गात दोन प्रकारची संपत्ती आहे, असे कुमारप्पा मांडतात. एक साठ्याची, म्हणजे कोळसा, खनिज तेल, धातू. ती वापरली की घटते. दुसरी प्रवाहाची, म्हणजे पाऊस, वन, मनुष्याचे व पशूचे श्रम. ती योग्य रीतीने वापरली तर वाहत राहते. साठ्यावर उभ्या राहिलेल्या अर्थव्यवस्थेत हिंसा अटळ आहे, कारण साठ्याच्या ताब्यासाठी झगडा व्हावयाचाच. त्यांनी परोपजीवी व लुटारू अर्थव्यवस्थांपासून सेवेच्या अर्थव्यवस्थेपर्यंत पाच पायऱ्या कल्पिल्या आणि प्रत्येकीला निसर्गातील दाखला दिला.

या पुस्तकातील नीतिविचार आज काहीसा भाबडा वाटेल. पशुसृष्टीतून मनुष्याच्या अर्थव्यवहाराचे दाखले काढणे ही पद्धत तर्कदृष्ट्या कमकुवतच आहे. परंतु भाषेच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कुमारप्पांच्या वाक्यांत प्रत्येक क्रियेला कर्ता असतो. कोणी घेतो, कोणाचे जाते, कोण राबतो, कोण साठवितो, हे ते सांगतात. हिशेबतपासनिसाची ही सवय असावी. जमेच्या बाजूस रक्कम आली की ती कोणाच्या नावे खर्ची पडली, हे विचारल्यावाचून त्याला चैन पडत नाही. ‘शाश्वत विकास’ या सामासिक शब्दात हा प्रश्न विचारावयास जागाच उरत नाही. विकास कोणाचा, कोणी केलेला, आणि तो टिकावा म्हणून कोणी काय सोडावयाचे, हे सर्व समासाच्या पोटात लोपले आहे.

‘विकास’ या शब्दाचा इतिहासही असाच आहे. संस्कृतात फूल विकसते. क्रिया अकर्मक आहे, ती फुलाच्या आतून होते. मराठीत आज आपण ‘गावाचा विकास केला’ असे म्हणतो, म्हणजे क्रिया सकर्मक झाली आणि गाव कर्मस्थानी गेले. ‘विकसनशील राष्ट्रे’ या प्रयोगातील ‘शील’ हा घटक तर थोडा गमतीचा आहे. संस्कृत व्याकरणात तो ताच्छील्य, म्हणजे स्वभाव वा सवय, दाखवितो. सहनशील मनुष्य कधी सहन करून मोकळा होत नाही. त्या न्यायाने विकसनशील राष्ट्र कधी विकसित व्हावयाचे नाही. दुसऱ्या उद्दिष्टाचे ‘शून्य भूक’ असे जे शब्दशः भाषांतर कधीकधी दिसते, त्याविषयी एवढेच सांगतो की मराठीत ‘भूक नाही’ हे वाक्य आजारी मनुष्य वैद्यापुढे उच्चारतो.

आता प्रत्यक्ष दारिद्र्याकडे येऊ. मराठीत त्याला दोन मुख्य शब्द आहेत आणि दोन्हींचे मूळ लक्षणीय आहे. पाणिनीय धातुपाठात ‘दरिद्रा’ हा धातू दुर्गती या अर्थी दिलेला आहे. तौलनिक भाषाशास्त्राने त्याचा संबंध धावणे या अर्थाच्या ‘द्रा’ धातूच्या पौनःपुन्यदर्शक रूपाशी लावला आहे. म्हणजे दरिद्री तो, जो इकडून तिकडे वणवण धावतो. ‘गरीब’ हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे आला. त्याचा मूळ अर्थ परका, आपल्या ठिकाणाहून दूर पडलेला. दोन निराळ्या भाषाकुळांतील शब्द एकाच चित्रापाशी येऊन ठेपतात: ज्याला ठाव नाही असा मनुष्य. मराठीत पुढे ‘गरीब’ याला सौम्यतेचा अर्थ चिकटला (‘गरीब गाय’) आणि ‘दरिद्री’ याला तिरस्काराचा. अर्थ पालटले, परंतु दोन्ही शब्द मनुष्याविषयी बोलतात.

तिसरा प्रयोग ‘अठराविश्वे दारिद्र्य’ हा. त्याची उपपत्ती दोन प्रकारे सांगतात. अठरा विसा म्हणजे 360, अर्थात वर्षाचे सर्व दिवस, ही एक. विसवा म्हणजे विसावा भाग, त्यातले अठरा, म्हणजे जवळजवळ पूर्ण, ही दुसरी. पहिली लोकव्युत्पत्ती असण्याचा संभव आहे, पण लोकव्युत्पत्तीलाही अर्थ असतो. मराठी समाजाने दारिद्र्य मोजताना वर्ष हे माप कल्पिले. कोरडवाहू कापसाच्या प्रदेशात हे माप किती खरे आहे ते येथील कोणीही सांगेल. मृगापासून वेचणीपर्यंत उधारी चालते, चुकारा हाती आला की ती फिटते वा फिटत नाही, आणि चैत्र-वैशाखात मजुरीच नसते.

आंतरराष्ट्रीय माप दिवसाचे आहे. जागतिक बँकेने 1990 साली दिवसाला एक डॉलर ही रेषा आखली. ती 2008 मध्ये 1.25, 2015 मध्ये 1.90, 2022 मध्ये 2.15 आणि जून 2025 मध्ये 3 डॉलर झाली. रेषा सरकविणे हा दोष नव्हे, कारण किमती व क्रयशक्ती यांच्या नव्या तुलनेनुसार ती सरकविणे भागच असते. पण वर्षभराच्या चढउताराला 365 ने भागून आलेला ‘दिवस’ कोणीही जगलेला नसतो. आपल्या देशातील प्रारंभीच्या अभ्यासकांना याची जाणीव अधिक होती असे दिसते. दादाभाई नौरोजींनी 1876 साली भारताच्या दारिद्र्यावर जो निबंध वाचला, त्यात निर्वाहाचा खर्च दरसाल दरडोई काढला होता, आणि तो काढून ते थांबले नाहीत. संपत्ती बाहेर कोण नेतो याकडे त्यांचे सारे विवेचन वळते. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून 1971 साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात 1960-61 च्या किमतींप्रमाणे ग्रामीण भागात दरमहा 15 रुपये आणि शहरी भागात साडेबावीस रुपये ही किमान खर्चाची मर्यादा धरली होती आणि ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे 40 टक्के व शहरी लोकसंख्येपैकी सुमारे 50 टक्के लोक तिच्याखाली आढळले होते. त्यांचा उपायही मर्यादेइतकाच प्रसिद्ध आहे: ज्यांना जमीन पुरत नाही त्यांना सार्वजनिक कामांवर रोजगार.

‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द पुढे शिधापत्रिकांच्या द्वारे खेड्यात पोहोचला. महाराष्ट्रात 1999 पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची पत्रिका आली आणि बोलण्यात ‘पिवळं कार्ड’ ही एक सामाजिक श्रेणीच होऊन बसली. या संदर्भात वऱ्हाडी-नागपुरी बोलीतच नव्हे, सर्वत्र मराठीत जे क्रियापद वापरले जाते ते पाहण्यासारखे आहे. ‘दारिद्र्यरेषेत नाव लागलं का?’ असे विचारतात. हेच क्रियापद सातबाऱ्याविषयी वापरतात: ‘वावरावर नाव लागलं का?’ जमिनीचा धनी होणे आणि अधिकृत दरिद्री होणे, या दोन टोकांच्या घटनांना भाषेने एकच क्रियापद दिले, कारण दोन्हींत नाव ‘लागते’, लावणारा कोणी दुसरा असतो, आणि ते लागावे म्हणून खेटे घालावे लागतात. दारिद्र्यरेषेखाली जाण्यासाठी माणसे धडपडतात, हे वाचून शहरी वाचक हसतो. बोलीने ते विनोदाशिवाय नोंदवून ठेवले आहे.

‘निर्मूलन’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्द पहिल्या उद्दिष्टाच्या मराठी अवतारात वारंवार येतात. निर्मूलन हा शब्द आपण देवीच्या रोगाला लावला, अंधश्रद्धेला लावला. तण उपटावे तसे दारिद्र्य उपटावयाचे, ही त्यातील कल्पना. तण कोणी पेरलेले नसते. ज्योतिराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) ज्यांनी वाचला आहे त्यांना हा फरक निराळा करून सांगावयास नको. फुल्यांच्या लेखी शेतकऱ्याच्या दैन्याला सारा बसविणारा आहे, व्याज लावणारा आहे, दक्षिणा घेणारा आहे, आणि या सर्वांच्या क्रियापदांना कर्ते आहेत. ते कर्ते त्यांनी बरोबर ठरविले की नाही यावर वाद होऊ शकतो, झालाही आहे. ‘निर्मूलन’ या शब्दाशी वादच घालता येत नाही. ‘मुक्त’ याची गत आणखी निराळी. हागणदारीमुक्त, तंटामुक्त, टँकरमुक्त या मालिकेत आता पंचायतींच्या विकास आराखड्यांत ‘गरिबीमुक्त गाव’ आले आहे. हे विशेषण गावाचे वर्णन करीत नाही. गाव तसे घोषित झाले आहे, एवढेच ते सांगते. ज्या दिवशी फलक लागतो त्या दिवशी ते खरे होते.

या परिभाषेचे केंद्र मात्र ‘लाभार्थी’ हा शब्द आहे. लाभ इच्छिणारा तो लाभार्थी, अशी त्याची फोड. व्याकरणाच्या दृष्टीने हा मनुष्य चतुर्थीत उभा असतो: शासन त्याला घर देते, धान्य देते, गॅस देते. येथे पाणिनीय परंपरेतील एक जुनी चर्चा उपयोगी पडते. देण्याच्या क्रियेचा ज्याच्याशी संबंध येतो त्याला संप्रदान म्हणावे, हे सामान्य लक्षण. पण वृत्तिकारांनी त्यावर अडचण काढली. आपण धोब्याला वस्त्र देतो, तेव्हा धोबी संप्रदान होतो काय? परंपरेचे उत्तर आहे की होत नाही. जे देणे स्वत्व सोडून, परत न घेण्याच्या बुद्धीने केलेले असते तेच खरे प्रदान. धोब्याला दिलेले वस्त्र आपलेच राहते. ही चर्चा वर्गात शिकविताना दरवर्षी मला आपल्या योजनांची आठवण होते. पत्रिका देतात, ती तपासणीत परत घेतात. नाव यादीत येते, पुढच्या सर्वेक्षणात गळते. वस्तू मनुष्याच्या हाती असते आणि स्वत्व देणाऱ्यापाशी. लाभार्थी हा व्याकरणशास्त्राच्या दृष्टीने धोबी आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. शब्दांनी पोट भरत नाही, तसे शब्दांनी ते रिकामेही होत नाही. 1990 च्या तुलनेत अतिदरिद्री लोकांचे प्रमाण निम्म्यावर आणण्याचे सहस्रकाचे लक्ष्य जगाने मुदतीच्या पाच वर्षे आधी, 2010 च्या सुमारास, गाठले. ते भाषांतरकारांना विचारून गाठले गेले नव्हते. हे मान्य केलेच पाहिजे. त्यातला मोठा वाटा चीनचा होता आणि चीनने ते संयुक्त राष्ट्रांच्या संकल्पाकडे पाहून केले असेही नाही. पण मुदत आणि आकडा जाहीर केल्याने राज्यकर्त्यांना जाब विचारण्याची एक सोय झाली, हा उद्दिष्टांचा खरा गुण आहे. शिवाय त्यांचा मूळ मसुदा सर्वस्वी कर्तृहीन नाही. पहिल्या उद्दिष्टातील चौथे लक्ष्य (1.4) आर्थिक साधनांवर समान हक्क आणि जमिनीची मालकी व ताबा यांविषयी बोलते. ही भाषा लाभाची नव्हे, हक्काची आहे. माझी तक्रार अशी की मी या जिल्ह्यात ग्रामपंचायतींच्या भिंतींवर जे फलक वाचले, त्यांत घर, शौचालय, विमा, खाते हे सर्व होते, जमिनीच्या हक्काचे लक्ष्य मला कोठे आढळले नाही. मूळात जेथे हक्क होता तेथे मराठीत लाभ आला, आणि हा बदल भाषांतराच्या अज्ञानाने झाला असे मानण्याइतका मी भोळा नाही.

शब्दाच्या कारकाने मनुष्याचे काय होते, याचे सर्वांत कठोर उदाहरण या प्रदेशातच आहे. जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम यांच्याबरोबर वर्धा त्यांत होता. मृत शेतकऱ्याच्या कुटुंबास राज्य शासनाने एक लाख रुपयांचे साहाय्य ठेवले आणि त्यासाठी नापिकी, कर्जबाजारीपणा व परतफेडीचा तगादा ही कारणे सिद्ध व्हावी लागत. येथवरची भाषा उलट पुष्कळ अचूक आहे. ‘तगादा’ या शब्दात तगादा लावणारा गृहीत आहे. परंतु छाननीनंतर प्रकरणांचे जे दोन गट पडतात त्यांना ‘पात्र आत्महत्या’ आणि ‘अपात्र आत्महत्या’ असे म्हणण्याचा प्रघात पडला. वृत्तपत्रांनी तो उचलला, आणि गावोगावी तो रूढ झाला. पात्र असावयाचे ते साहाय्य मागणारे कुटुंब. विशेषण सरकले आणि मृत्यूला जाऊन चिकटले. विशेषण-विपर्यय हा काव्यातील एक अलंकार म्हणून आपण शिकवितो. येथे तो तहसील कचेरीतून आला. ‘शेतकरी’ या शब्दाची व्याप्तीही याच रीतीने आखली गेली. ज्याच्या घरी सातबारा तो शेतकरी. ज्याचे नाव कोणत्याही वावरावर लागलेले नाही, जो सालदार म्हणून वा रोजाने त्याच शेतात राबतो, त्याचे मरण या यादीत पात्रही नव्हते आणि अपात्रही नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने शेतमजुरांच्या आत्महत्यांची वेगळी गणना 2014 च्या आकड्यांपासून सुरू केली.

आता वर्ध्याच्या स्वतःच्या परिभाषेकडे. तिच्यातील सर्वांत गाजलेला शब्द ‘दरिद्रनारायण’. विवेकानंदांनी तो प्रचारात आणला, गांधींनी तो घरोघर पोहोचविला. या शब्दाने दरिद्री मनुष्याचा मान वाढविला हे खरे, पण त्याला देव्हाऱ्यात बसविले. देव सेवेचा विषय असतो, तो स्वतः काही मागत नाही, आणि मागितले तर भक्ताची पंचाईत होते. शिवाय आश्रमात अपरिग्रह हे व्रत होते. व्रत म्हणून पत्करलेले दारिद्र्य आणि लादलेले दारिद्र्य यांना एकच नाम पुरले. या गोंधळावर नेमके बोट बाबासाहेब आंबेडकरांनी ठेवले. 1950 साली ‘महाबोधी’ मासिकात लिहिलेल्या लेखात धर्माने दारिद्र्याला पावित्र्य वा थोरवी देता कामा नये, अशी एक कसोटीच त्यांनी घातली. सहा वर्षांनी दीक्षाभूमीवर जे घडले ते सेवाग्रामपासून पाऊणशे किलोमीटरच्या आतच घडले, आणि ज्यांनी तेथे दीक्षा घेतली त्यांत वर्ध्याच्या वस्त्यांतील माणसेही होती. त्यांना नारायण व्हावयाचे नव्हते.

विनोबांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्लीस भूदानाचा प्रारंभ झाला. ‘दान’ हा शब्द विनोबांना अडचणीचा होता, हे त्यांच्या विवेचनावरून दिसते. शंकराचार्यांचा आधार देऊन ते दान म्हणजे सम्यक् विभाजन असे सांगत. त्याहून प्रभावी त्यांची दुसरी युक्ती. तुम्हांला पाच मुलगे आहेत, मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते जमीनधारकास म्हणत. मुलगा भीक मागत नाही, वाटा मागतो. वाक्यातील याचक एका शब्दाने वारस झाला, चतुर्थीतून षष्ठीत आला. त्याच वर्षी सप्टेंबरात ते पवनारहून दिल्लीस पायी निघाले. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यावर नियोजन मंडळाशी बोलावयाचे होते. राष्ट्रीय नियोजन म्हणावयाचे तर सर्वांना काम मिळण्याची हमी त्याच्या मुळाशी हवी, असा त्यांचा आग्रह होता.

पण व्याकरण शब्दाच्या भाष्याला बधत नाही. विनोबांनी 1957 पर्यंत पाच कोटी एकर हे लक्ष्य ठेविले. आकडा आणि मुदत ही आजच्या उद्दिष्टांची दोन्ही लक्षणे त्यात होती. जमीन मिळाली ती 40 लाख एकरांच्या आसपास, आणि तीतील बरीच वाटण्याजोगी नव्हती. सहावा मुलगा हे रूपक व्यासपीठावर राहिले, कागदावर दानपत्र राहिले. दानपत्रात वारसाला जागा नसते. ज्याला जमीन मिळावयाची त्याचे नाव त्या कागदावर नसेच. ते पुढे, वाटपाच्या वेळी, लागावयाचे.

‘कोणालाही मागे न सोडणे’ हे 2015 च्या संकल्पाचे ब्रीद आणि ‘अंत्योदय’ हा वर्ध्याच्या वर्तुळातील शब्द, यांची तुलना अनेकदा एकमेकांचे पर्याय म्हणून केली जाते. ते पर्याय नव्हेत. मागे न सोडण्यात पुढे चाललेला एक तांडा गृहीत आहे, त्याची दिशा ठरली आहे, वेग ठरला आहे, आणि मागच्याला ओढून घ्यावयाचे आहे. अंत्योदयात प्रारंभ शेवटच्यापासून आहे, म्हणजे क्रमच उलटा आहे. 2000 च्या डिसेंबरात या नावाची अन्नयोजना निघाली आणि आज ‘अंत्योदय’ या शब्दाला ग्रामीण भागात अनेकवचन आहे: गावात अमुक इतके अंत्योदय आहेत, असे रेशन दुकानदार सांगतो. 

या साऱ्या शब्दसमूहात एकच प्रयोग माझ्या निकषावर पूर्णपणे उतरतो, आणि तो वर्ध्याचा नाही. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात ज्या कल्पनेचा प्रयोग केला, तिचे पुढे रोजगार हमी योजनेत आणि 1977 च्या कायद्यात रूपांतर झाले. 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला. ‘मागेल त्याला काम’ हे त्याचे घोषवाक्य. विनोबांनी दिल्लीत जी हमी मागितली होती ती येथे कायद्याच्या भाषेत आली. या तीन शब्दांत कर्ता मजूर आहे. क्रियापद ‘मागणे’ हे त्याचे आहे. शासनाचे नाव वाक्यात नाही, पण त्याच्यावरील कर्तव्य आहे, कारण काम न दिल्यास भत्ता देणे बंधनकारक होते. मागणाऱ्याला याचक न ठरविता मागण्यालाच हक्काचे रूप देणारी अशी रचना मराठी प्रशासनाच्या भाषेत दुसरी मला ठाऊक नाही. 2005 साली केंद्राने जो रोजगार हमी कायदा केला त्याची मुळे या तासगावच्या वाक्यात आहेत. रचना एवढी लोकप्रिय झाली की पुढे ती उसनी घेण्यात आली. ‘मागेल त्याला शेततळे’ (2016) हे त्याचे उदाहरण. येथे क्रियापद तेच, पण मागणाऱ्यापाशी आधी वावर हवे. ज्याच्यासाठी मूळ वाक्य घडले होते तो भूमिहीन त्यातून बाहेर पडला आणि साच्याला कोठे तडाही गेला नाही.

2022 च्या उन्हाळ्यात बोलीच्या नमुन्यांसाठी देवळी तालुक्यातील एका गावी ध्वनिमुद्रण करीत असता एका वृद्ध मजूर स्त्रीचे एक वाक्य मिळाले. विषय शिधापत्रिकेचा निघाला होता. ती म्हणाली, ‘काम मांगतलं तवा नाई देल्लं, अन् न मांगता हे कार्ड देल्लं.’ ‘देल्लं’ या रूपासाठी मी ते वाक्य टिपून घेतले. रात्री लिप्यंतर करताना ध्यानात आले की दोन्ही उपवाक्यांत देणाऱ्याचा उल्लेख नाही, आणि मागण्याची क्रिया दोन्हींत तिचीच आहे, एकदा केलेली आणि एकदा न केलेली. दुसऱ्या दिवशी मी तिला काम कसे मागितले ते विचारले. चौकात, तोंडी, तीनदा. कायद्याप्रमाणे मागणी नमुना 4 वर करावयाची आणि तिची पोच घ्यावयाची असते. तो नमुना तिने पाहिलेला नव्हता. त्या वर्षीच्या नोंदीत तिने काम मागितलेले नाही.